पांढऱ्या दगडांतला ऑक्टोबर

ऑक्टोबर लागला की आमच्या अमेरिकेतल्या श्रूजबरीत शनिवारी सकाळी आठच्या ठोक्याला पानं उडवायची यंत्रं सुरू होतात. आधी समोरच्यांचं, मग कोपऱ्यावरच्या घराचं, मग माझं. जो तो आपली पानं शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत ढकलतो आणि वारा ती निमूटपणे परत आणून देतो. पायऱ्यांवर भोपळे येऊन बसतात. मेपल आधी शेंड्याला लाल होतो, मग खाली खाली उतरत जातो. बाहेरगावच्या गाड्या रस्त्यावरून उगाच हळू चालायला लागतात, कारण लोक पानं बघायला आलेले असतात. त्यात आमचा दसरा, कोजागिरीचं दूध, फराळाच्या ऑर्डरी, सगळं एकदम अंगावर येतं. माझी बायको सुजाता म्हणते, वर्षातला सगळ्यात देखणा महिना हा. मी हो म्हणतो. वीस वर्षं मलाही मनापासून तसंच वाटत होतं.

आता मात्र या महिन्यात मला दुसराच एक ऑक्टोबर आठवतो. त्यात लाल पान एकही नाही. नुसता दगड आहे. पांढरा, करडा, उन्हात डोळे दिपवणारा चुनखडीचा दगड, पायाखाली, डोक्यावर, सगळीकडे. फ्रान्सच्या दक्षिणेला अशी उंच, ओसाड पठारं आहेत, तिथले लोक त्यांना 'कॉस' म्हणतात. चार वर्षांपूर्वी त्यातल्या एका कॉसवर मी एक दिवस चाललो. सकाळी साडेआठला जिथून निघालो, संध्याकाळी सहाला तिथेच परत आलो. एका दिवसाची काय ती आठवण, पण ती माझा अख्खा महिना व्यापून बसते.

रेवा, आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा वीस वर्षांची होती. कॉलेजचं तिसरं वर्ष करायला ती फ्रान्समधल्या माँपेलिएला गेली होती, ऑगस्टच्या शेवटी. आम्ही तिला विमानतळावर सोडलं तेव्हा तिच्यापेक्षा माझीच छाती जास्त फुगली होती. जुन्नरसारख्या गावातून मी अमेरिकेपर्यंत आलो, आणि माझी मुलगी आता अमेरिकेतून पुढे युरोपात निघाली, असा सगळा नकाशाच माझ्या डोळ्यांपुढे होता. ऑफिसात, मंडळात, भारतीय किराणा दुकानाच्या रांगेत, जो भेटेल त्याला मी विषय काढून सांगत असे. सुजाता म्हणायची, आता पुरे, त्या माणसाला फक्त कोथिंबीर घ्यायची आहे.

सप्टेंबरच्या शेवटी रेवाचा फोन आला. "बाबा, यू शुड कम. आईला सुट्टी नसेल तर तू एकटा ये. इथे एक लाँग हाइक आहे. फुल डे. मी रूट काढलाय." मला काय, आंधळा मागतो एक डोळा. कॉलेजात असताना एकही शनिवार-रविवार आम्ही मित्रांनी गडांशिवाय सोडला नव्हता. श्रूजबरीत आल्यापासून टेकड्या होत्या, पण त्यांच्यावर जायला पार्किंग होतं, कचऱ्याचे डबे होते, आणि वर पोचलं की समोर दुसरं पार्किंग दिसायचं. मी त्याच दुपारी तिकीट काढलं. मुलीला बापाबरोबर डोंगरात जावंसं वाटतंय, यापलीकडे माझ्या डोक्यात दुसरा विचार शिरला नाही.

आणि मग मी ते केलं, जे आपल्यातला कोणीही करील. मी शिरीषला फोन केला.

शिरीष माझा कॉलेजातला मित्र, मूळचा नागपूरचा. पुण्याच्या हॉस्टेलवर चार वर्षं आम्ही एक खोली आणि एक स्टोव्ह वाटून घेतला. आता तो आणि त्याची बायको कल्पना तुलूझला असतात, तो तिथल्या एका कंपनीत आयटीत आहे. रेवाच्या माँपेलिएपासून तुलूझ गाडीने अडीच-तीन तास. फोनवर तो जवळजवळ ओरडलाच, "अबे विन्या, पहिले नाही सांगायचं का! येतो ना आम्ही. कल्पना पुऱ्या करते, तू फक्त तारीख बोल."

आपल्या लोकांना 'दोघंच' ही संख्या कळत नाही. श्रूजबरीत कुणाला चहाला बोलवा, शेवटी बारा माणसं, तीन भाज्या आणि कॅरम बोर्ड येतो. कुणी एकटं जेवत असेल तर आपल्याला दया येते, दोघं फिरायला निघाले तर आपण विचारतो, बाकीचे कुठे? सोबत म्हणजे चांगलीच, जास्त सोबत म्हणजे जास्त चांगली, हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. रेवाला मी दुसऱ्या दिवशी मोठ्या थाटात सांगितलं, "सरप्राइज! शिरीषकाका आणि काकूपण येतायत!"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ओह. नाइस."

तो थोडा वेळ मी नेटवर्कच्या खात्यावर टाकला.

कॉसवरची सकाळ चांगलीच थंड होती. गाव म्हणजे वीस-पंचवीस दगडी घरं, छपरावर कौलांच्या जागीसुद्धा दगडाच्याच चिपा, एक नळ, एक बंद चर्च. माझी भाड्याची गाडी आणि शिरीषची गाडी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि त्या गावात शंभर वर्षांत झाला नसेल एवढा आवाज झाला. मिठ्या, फोटो, "किती मोठी झाली गं", पुन्हा फोटो. रेवाने निळं जाकीट घातलं होतं, पाठीवर लहानशी सॅक. ती मला बारीक वाटली. मी म्हणालोही, "डाएट वगैरे करतेस की काय?" ती हसली.

मग नकाशा उघडला गेला. रेवाने बोटाने गोल दाखवला. इथून चढायचं, पठारावरून कडेकडेने जायचं, पलीकडे दरीत उतरायचं, नदीच्या काठाने यायचं आणि पुन्हा इथे. एकवीस किलोमीटर.

"पण वर काय आहे?" शिरीषने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे गड आहे, देऊळ आहे, काही तोफ बिफ? आपण सर काय करणार?"

"नथिंग, काका. इट्स अ लूप."

"म्हणजे जिथून निघायचं तिथेच यायचं?" तो माझ्याकडे वळला. "मग इथेच बसून पुऱ्या खाऊ ना बे!"

आम्ही सगळे हसलो. मीच सगळ्यात मोठ्याने. आमच्या लेखी डोंगराला माथा असतो, माथ्यावर भगवं निशाण असतं, तिथे पोचलं की दिवस सार्थकी लागला. काही गाठायचं नाही, नुसतं कुणाच्या तरी बाजूने दिवसभर चालायचं, हा प्रकार आम्हाला तेव्हा विनोदी वाटला.

चढ मात्र विनोदी नव्हता. सह्याद्रीचा काळा दगड पायाला धरून ठेवतो, माणूस त्याच्यावर विश्वास टाकतो. हा पांढरा दगड सुटा, धारदार, आणि पिढ्यान् पिढ्या मेंढ्यांच्या खुरांनी मध्येच गुळगुळीत झालेला. एक पाऊल टाकलं की अर्धं मागे. दर थोड्या अंतरावर खडकावर पिवळ्या रंगाचा एक पट्टा मारलेला, म्हणजे वाट बरोबर. चुकीच्या फाट्यावर पिवळी फुली. मला ती व्यवस्था फार आवडली. मी ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर आहे, मला खुणा आवडतात, टप्पे आवडतात, किती झालं आणि किती राहिलं हे आवडतं. दर अर्ध्या तासाने मी घड्याळात बघून जाहीर करत होतो, चार किलोमीटर झाले, शेड्यूलच्या दहा मिनिटं पुढे आहोत. रेवा माझ्यापुढे पंधरा-वीस पावलांवर, निळं जाकीट, कधी दिसतंय, कधी खडकाआड.

वर आलो आणि ऊन पडलं. ऊन असं की पुण्याच्या ऑक्टोबर हीटची आठवण व्हावी. पांढरा दगड ते ऊन घेत नाही, तोंडावर परत मारतो. पठारावर झाड असं नाहीच, खुरटी झुडपं, वाळकं सोनेरी गवत, आणि मध्येच उभे राहिलेले खडकांचे प्रचंड सुळके. पावसाने खाऊन खाऊन त्यांना बुरूज, कमानी, खिडक्या पडलेल्या. माझ्या आणि शिरीषच्या उत्साहाला ऊतच आला. हा बघ महादरवाजा, ती बघ चोरवाट, ही सदर, इथे दारूकोठार. शिरीषने एका खडकावर चढून किल्लेदाराच्या थाटात खलिता वाचून दाखवला. निसर्गाने उगाच केलेल्या त्या दगडांचा आम्ही तासाभरात पुरता किल्ला बांधला. पायाखाली एक बारीक पानांचं झुडूप चिरडलं जात होतं, त्याचा वास थेट ओव्याचा. मी पानं चुरगाळून कल्पनाला दिली, तिने रेवाला दिली. "ओवा गं, ओवा! तुझ्या पोटात दुखायचं तेव्हा आजी द्यायची तो." रेवाने हाताचा वास घेतला आणि तो हात बराच वेळ तसाच नाकाशी धरून ठेवला, हे मी पाहिलं.

मी खूप काही पाहिलं. हेच तर मला सांगायचं आहे. गिधाडं पाहिली, कड्याच्या काठावर आपल्या खालून उडणारी, त्यांची पाठ दिसत होती, पंख एकदाही न हलवता ती दरीत गोल गोल फिरत होती. जमिनीत कढईसारखे गोल खड्डे पाहिले, त्यांच्या तळाशी तेवढीच लाल माती आणि तेवढंच नांगरलेलं शेत. मेंढ्यांसाठी फरसबंदी करून बांधलेलं एक उथळ गोल तळं पाहिलं, त्यात बोटभर पाणी. बाकी पठारावर पाण्याचा थेंब नव्हता. रेवा म्हणाली, "इथे पाऊस पडतो, बट इट जस्ट गोज इन. दगड पिऊन टाकतो. खाली नदीत एकदम बाहेर येतं." मी म्हणालो, वा, भारी. मला तेव्हा ती जिऑलॉजी वाटली.

आज सकाळी पानं गोळा करताना मी हातमोजे काढले आणि ओलसर मातीत हात घातला, उगाच. इथली माती काळी, भुसभुशीत, सगळं धरून ठेवणारी. आम्ही तिला या मातीत वाढवलं, पियानोच्या क्लासला नेलं, मंडळाच्या गणपतीत नऊवारी नेसवून नाचवलं, तिचे दात, तिचे मार्क, तिचा व्हिटॅमिन डी, सगळ्यावर माझी नजर होती. माझ्या एक्सेलमध्ये ती अख्खी होती. तिला काय वाटतं याचा कॉलम मी केला नव्हता, आणि तो राहिलाय हेही मला कधी जाणवलं नाही.

एका सुळक्याच्या सावलीत जेवायला बसलो. कल्पनाने डबे उघडले, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, लिंबाचं लोणचं, दाण्याचे लाडू, वर थर्मासमधून आल्याचा चहा. शिरीषने तर दोन घडीच्या खुर्च्या पाठीवर बांधून आणल्या होत्या. रेवाने आपल्या सॅकमधून कागदात गुंडाळलेला लांब पाव काढला, चीजचा एक तुकडा काढला आणि दोन सफरचंदं काढली. दोनच. क्षणभर तिने ती हातात तशीच धरली. मग एक काकांना दिलं, एक काकूंना. "अगं तुला?" कल्पना म्हणाली. "मला नको, काकू. आय ॲम गुड." मी तेव्हा पुरीला चटणी लावत होतो. लेक किती संस्कारी झाली, असं काहीतरी माझ्या मनात आलं.

पुढचा कड्यावरचा टप्पा अवघड होता. दोन फुटांची वाट, डाव्या हाताला खडक, उजव्या हाताला काही नाही. खडकात ठोकलेली एक साखळी, तिला धरून एकेकाने जायचं. मी सगळ्यांना सूचना देत होतो, पाय इथे ठेव, खाली बघू नको, वजन आत घे. रेवा न बोलता, साखळीला हातही न लावता पलीकडे गेली. मी ओरडलो, "अगं साखळी धर की!" तिने मागे वळून पाहिलं. तो चेहरा मला अजून दिसतो. त्यात भीती नव्हती. असायला हवी होती, हे आता कळतं.

उतारावर कल्पनाचे गुडघे बोलायला लागले. ती हळू झाली, रेवा तिच्याबरोबर मागे राहिली. मी आणि शिरीष पुढे. नदी लागली, हिरवीगार, इतकी स्वच्छ की तळाचे पांढरे गोटे मोजावेत. नदीकाठाने ती शेवटची सहा किलोमीटर आम्ही दोघं बोलत बोलत चाललो. काय बोललो? कुणाला कंपनीने काढलं, ग्रीन कार्डाच्या रांगा, त्याच्या आईचं पुण्यातलं डे केअर, माझं कोलेस्टेरॉल. आणि रेवा. "पोरीने नाव काढलं यार," शिरीष म्हणाला. "एकटी राहते, सगळं मॅनेज करते." मी म्हणालो, "तिची काळजीच नाही रे. तशी ती पहिल्यापासून इंडिपेंडंट." हे वाक्य मी तिथे, त्या नदीच्या काठी, उन्हं कलताना, मोठ्या समाधानाने उच्चारलं होतं. त्याची जागासुद्धा मला आठवते. एक पडकी पाणचक्की होती.

आम्ही पोचल्यावर पाऊण तासाने त्या दोघी आल्या. रेवाचे डोळे लाल होते. "ऊन लागलं वाटतं," मी म्हणालो. कल्पना लगेच म्हणाली, "हो, ऊनच ते." मी गाडीतली पाण्याची बाटली काढून दिली. माझ्या घड्याळात एकवीस किलोमीटर पूर्ण झाले होते, त्याचा मी फोटो काढला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

दोन दिवसांनी मी परत आलो. विमानतळावर तिने मला नेहमीपेक्षा जास्त वेळ मिठी मारली. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणालो, "मजा कर. हे दिवस पुन्हा येत नाहीत."

गेल्या ऑक्टोबरात शिरीष आणि कल्पना पानं बघायला आमच्याकडे आले. शिरीष वर झोपला होता, मी, सुजाता आणि कल्पना स्वयंपाकघरात. कल्पना मेथी निवडत होती. सहज म्हणाली, "रेवा बरी आहे ना आता? फ्रान्सनंतर परत कधी तसं नाही ना झालं?"

"कसं?" सुजाताने विचारलं.

कल्पनाचा हात मेथीत तसाच थांबला. "सांगितलं नाही तिने तुम्हाला? विनायक, ती म्हणाली होती मला, मी स्वतः सांगणार आहे म्हणून. मी तिला शब्द दिला होता. मला वाटलं, आतापर्यंत..."

मग तिने सांगितलं. मी गेलो त्याच्या आधीचे तीन आठवडे रेवा एकाही वर्गाला गेली नव्हती. खोलीची शटर बंद करून दिवसभर पडून असायची. नुसता पाव खायची, तोही आठवला तर. आमच्याशी व्हिडिओवर बोलायचं असलं की तेवढं उठून केस विंचरायची, दिवा लावायची. उतारावर, आम्ही दोघं पुढे गेल्यावर, कल्पनाने नुसतं विचारलं होतं, "जेवत नाहीस का गं नीट?" आणि रेवा एका दगडावर बसून रडायला लागली. अर्धा तास रडत होती. त्यानंतर अख्खा हिवाळा कल्पना दर शनिवारी तुलूझहून गाडी पकडून माँपेलिएला जात राहिली. वरणभात करायची, शटर उघडायची, तिला डॉक्टरकडे न्यायची, नदीपर्यंत चालवून आणायची. शिरीषला सांगितलं होतं, फ्रेंचच्या क्लासला जाते. तिचं तिला सावरायला मार्च उजाडला.

सुजाताने सगळं ऐकलं. भांड्यात तांदूळ घेतले, धुतले, पाणी ओतलं, पुन्हा धुतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू होतास ना तिथे? दिवसभर?"

होतो. दिवसभर होतो. शेड्यूलच्या दहा मिनिटं पुढे होतो.

तेव्हापासून मी तो दिवस पुन्हा पुन्हा चालतो. पानं ओढायचा रेक हातात असला की चालतो, ऑफिसला जाताना हायवेवर चालतो. आणि प्रत्येक वेळी एकाच जागी अडकतो. मी शिरीषला फोन केला नसता तर. ती दोन सफरचंदं आम्हा दोघांची होती. त्या सुळक्याच्या सावलीत आम्ही दोघंच बसलो असतो, मी माझं सफरचंद खाल्लं असतं, तिने तिचं, आणि मग ती बोलली असती. तिने मला बोलवलंच त्यासाठी होतं. मीच तिथे जत्रा भरवली.

पण हे म्हणायचीही सोय नाही. कारण शिरीषला फोन केला नसता तर कल्पना आली नसती, आणि कल्पना आली नसती तर त्या हिवाळ्याचं काय झालं असतं, हा विचार मी पुरता करूच शकत नाही. ज्या चुकीसाठी मी स्वतःला रोज बोल लावतो, तिनेच माझी मुलगी मला परत दिली. मी देवाचे आभार मानायला जातो आणि अर्ध्यावर लाज वाटते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मी तर एकवीस किलोमीटरचा वळसा घातला. कल्पनाचे आभार मी एकदाच मानले, धड जमले नाहीत. ती म्हणाली, "अहो, माझीपण ती पोरगीच ना." ते बरोबरच होतं आणि मला ते ऐकवलं नाही.

रेवा आता अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमाँटला असते. नोकरी बरी आहे, तब्येत बरी आहे, मैत्रिणी आहेत, घरात झाडं लावली आहेत. दर रविवारी न चुकता फोन करते. माझा गुडघा, आईचं बीपी, श्रूजबरीचा बर्फ, सगळं विचारते. फार चांगली मुलगी आहे. नोकरी बदलली तेव्हा आधी कल्पनाकाकूला माहीत होतं. मागच्या वर्षी एक मुलगा आयुष्यात आला आणि गेला, तेही आधी कल्पनाकाकूला माहीत होतं, आम्हाला नंतर, व्यवस्थित, थोडक्यात कळवण्यात आलं. माझ्याशी ती जे बोलते ते ऐकून कुणालाही वाटावं, हिचं सगळं छान चाललंय.

वर्षभर मी तिला त्या दिवसाबद्दल विचारलं नव्हतं. कल्पनाने तिला कळवलं होतं की चुकून बोलून गेले, आणि रेवाने आम्हाला एवढंच म्हटलं होतं, "इट्स ओके, आय ॲम फाइन नाऊ, तुम्ही वरी करू नका." गेल्या रविवारी मात्र फोन आला तेव्हा मी बाहेर पायरीवर बसलो होतो. सुजाता देवळात गेली होती. समोर पानांचा ढीग. माझ्या तोंडून निघून गेलं.

"रेवा, मी काका-काकूंना बोलवायला नको होतं त्या दिवशी. आपण दोघंच असतो तर तू मला सांगितलं असतंस ना?"

पलीकडे ती कपडे घडी करत असावी. कापड झटकल्याचा आवाज आला आणि थांबला.

"बाबा, आय डिड टेल यू."

"कधी?"

"सकाळी. गावाच्या बाहेर एक गेट होतं, आयर्नचं. काका पार्किंगमध्ये बूट घालत होते, काकू डबा शोधत होत्या. आपण दोघंच पुढे आलो. तू माझ्यासाठी ते गेट उघडून धरलंस. आणि मी तुला सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"मी मराठीत सांगितलं होतं, बाबा. प्रॅक्टिस केली होती मी. 'बाबा, मला इथे राहायचं नाही, मला घरी ने.'"

मी डोळे मिटले. ओव्याचा वास आहे. गिधाडांच्या पाठी आहेत. साखळी आहे, तिच्यावरचा गंज आहे, दोन सफरचंदं आहेत, पाणचक्की आहे. त्या दिवसाचा एकेक दगड मला पाठ आहे. फाटक नाही. कुठेच नाही. मी पुन्हा गावापासून निघालो, घरं, नळ, चर्च, आणि एकदम चढ.

"मग मी काय म्हणालो?" मी विचारलं.

ती हसली. त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"तू म्हणालास, 'अगं होतं असं सुरुवातीला, दिवाळीपर्यंत रमशील बघ. आणि ते फाटक नीट लाव, नाहीतर मेंढ्या बाहेर येतील.'"

"मग?"

"मग काय, बाबा," रेवा म्हणाली. "लावलं मी."